शांत बाळाचा पुरावा

यवतमाळ
८ नोव्हेंबर २०२४

चि. प्रेरणा हिस,
सप्रेम जयभीम.

तुझे पार्सल काल मिळाले. त्यात रिठ्याचा पातळ साबण, संत्र्याच्या सालींपासून केलेले फरशी पुसायचे पाणी, आरारोटाची पावडर आणि जुन्या लुगड्याचे शिवलेले लंगोट होते. शेवटची वस्तू माझ्या उपयोगाची नाही हे तुला माहीत असणार; ती नमुना म्हणून पाठवली असे मी समजतो. साबणाने हात स्वच्छ होतात. फरशीच्या पाण्याचा वास चांगला आहे, परंतु झाकण उघडताच बाटली उसळली आणि निम्मे पाणी भिंतीवर गेले. पुढच्या वेळी आतला वायू आधी निघून जाऊ द्यावा.

सोबतच्या चिठ्ठीत तू लिहितेस की बाजारातून आणण्यापेक्षा हे सर्व फुकटात पडते. हे विधान मला मान्य नाही. रिठे फोडणे, भिजवणे, उकळणे आणि गाळणे यांत तुझा जो वेळ जातो, त्याची किंमत तू शून्य धरली आहेस. ज्या हिशेबात एक बाजू मुद्दाम कोरी ठेवली जाते, तो हिशेब बचत सिद्ध करत नाही. माझे सगळे आयुष्य महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवण्यात गेले, आणि तुझे वडील वारल्यानंतर तू माझ्याच घरी वाढलीस. तेव्हा धाकट्या भावाच्या मुलीकडून एवढी काटेकोर अपेक्षा ठेवण्याचा मला अधिकार आहे.

प्रसूतीनंतरच्या तापात तुझे दूध आटले, तेव्हा डॉक्टरांनी बाळाला डब्याचे दूध लावून दिले होते. ते तिला मानवले का? जावई रोशनरावांची कृषी केंद्रातली नोकरी कशी चालली आहे? फोन करू नकोस, मला त्यावर काही ऐकू येत नाही. लिहून कळव.

तुझा,
मारोतराव

◆

फुलसावंगी
१७ नोव्हेंबर २०२४

ती. मोठेबाबा यांस,
जयभीम.

बाटली उसळली हे वाचून मी हसले, त्याबद्दल माफी. आता तुमच्या आक्षेपाचे उत्तर.

किंमत ठरायला गिऱ्हाईक लागते. फुलसावंगीत माझ्या दुपारीला गिऱ्हाईक नाही. बी.ए. झालेल्या बाईची दुपार इथे कोणी विकत घेत नाही, आणि कापूस वेचायला जावे तर मांडीवर चार महिन्यांची संघमित्रा आहे. जी वस्तू दुसऱ्या कशाला लावताच येत नाही, ती रिठे फोडण्यात "खर्च झाली" असे का म्हणावे? तुम्ही कोरी म्हणता ती बाजू मी कोरी ठेवली नाही. तिथे खरोखरच शून्य आहे.

हे लिहिते तेव्हा सासूबाई समोर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या आहेत. "कायले एवढं लिहून राह्यली वं?" म्हणून विचारले. मी म्हटले, मोठ्या बाबांशी वाद चालू आहे. त्या म्हणाल्या, "त्याइले लिही, पोट्टी साबणानं नाही वाढत, दुधानं वाढते. दुधाचं काय थे सांगा म्हणा." मी म्हटले, "आत्याबाई, तर्कशास्त्रात दूध येत नाही." तर म्हणाल्या, "मंग कायले पायजे थे शास्तर?" या तुळसाबाईंना उत्तर देणे तुमच्याशी वाद घालण्यापेक्षा कठीण आहे.

आमच्या बचत गटात सध्या सोयाबीनचे दूध आणि पनीर करायला शिकवत आहेत. शाळेतल्या मुलांना फार चांगले, असे प्रशिक्षण देणाऱ्या बाई सांगत होत्या. सोयाबीन घरचेच आहे.

संघमित्रा बरी आहे. घरचे सगळे बरे आहेत.

तुमची,
प्रेरणा

◆

यवतमाळ
२३ नोव्हेंबर २०२४

चि. प्रेरणा हिस,
सप्रेम जयभीम.

तुझा युक्तिवाद मी तीनदा वाचला आणि तो मला मान्य आहे. ज्या वेळेला पर्यायी उपयोग नाही त्याला बाजारभाव नाही, हे तू नीट मांडलेस. तू वादात माझ्यावर मात केल्याची ही पहिली वेळ आहे, याची नोंद मी आनंदाने करतो.

मात्र तुझे म्हणणे सुट्या वस्तूंपुरते राहिले आहे. त्याला सामान्य रूप द्यायला हवे. ते मी असे देतो: जिचे घटक तेच आणि जिचे कार्य तेच, ती वस्तू तीच, तिच्यावर कोणाचे नाव छापले आहे याने तिच्यात काही भर पडत नाही. महाग म्हणून चांगले, हा शुद्ध हेत्वाभास आहे. सुशिक्षित घरांत तो सर्वांत अधिक आढळतो, कारण तेथे डब्यावरचे चित्र वाचता येते आणि वाचलेले खरे मानण्याची सवय असते. हे सूत्र तू निःशंकपणे वापर. रिठ्याला ते लागू आहे, तसेच ते इतरत्रही लागू होईल.

रोशनरावांविषयी तू काही लिहिले नाहीस.

तुझा,
मारोतराव

◆

फुलसावंगी
५ डिसेंबर २०२४

ती. मोठेबाबा यांस,
जयभीम.

तुमचे पत्र मी घरात सगळ्यांना वाचून दाखवले. "मात केली" हे वाक्य रोशनने दोनदा वाचायला लावले. तुम्ही आमच्या लग्नावर तीन आक्षेप लेखी दिले होते, ते त्यांच्या अजून लक्षात आहेत. त्यामुळे तुम्ही काही मान्य केलेत याचे त्यांना माझ्याहून अधिक अप्रूप.

तुमच्या सूत्राने आमच्या घरातला सर्वांत महाग खर्च थांबला आहे. तो कोणता ते आत्ता सांगत नाही. निकाल हाती आला की सांगेन, म्हणजे तुम्हाला अपुऱ्या पुराव्यावर आक्षेप घेता येणार नाही. एवढेच सांगते की रोज रात्री सोयाबीन भिजत घालते, सकाळी वाटून, दोनदा गाळून दूध चांगले उकळते. बाटल्याही उकळून घेते. स्वच्छतेत कुठे कसूर नाही.

सासूबाई माझ्याशी नीट बोलत नाहीत. "मले नाही पटत," एवढेच म्हणतात. कारण विचारले तर, "कारण मले काय मालूम? लेकराकडं पाह्यलं का समजते." याला पुरावा म्हणता येईल का, तुम्हीच सांगा.

संघमित्रा आता पूर्वीसारखी रडत नाही. पहिले काही दिवस फार रडली, मग सवय झाली. बराच वेळ छताकडे बघत शांत पडून असते. मला कामाला मोकळीक मिळते.

तुमची,
प्रेरणा

◆

यवतमाळ
१२ डिसेंबर २०२४

चि. प्रेरणा हिस,
सप्रेम जयभीम.

घरच्या चहात आता सोयाबीनचे दूध पडते असे तुझ्या पत्रावरून दिसते. तुळसाबाईंची तक्रार चवीविषयी असावी. "पटत नाही" हे मत झाले, कारण नव्हे. तरीही वडीलधाऱ्या व्यक्तीला त्यांचा चहा जुन्या पद्धतीने द्यावा. तर्कात हरलेल्या माणसाला रोज त्याची आठवण करून देणे सभ्यपणाचे नाही.

बाळ शांत झाले हे वाचून समाधान वाटले. मला मूल नाही, त्यामुळे या विषयात माझा अनुभव नाही. परंतु अंदाज करता येतो. रडणे हे गरज अपुरी राहिल्याचे चिन्ह आहे. ते थांबले, अर्थात गरज पुरी होत आहे. शांत बाळ हा घरातल्या सुव्यवस्थेचा पुरावा समजावा.

रोशनरावांच्या नोकरीविषयीच्या प्रश्नाला दोन पत्रांत उत्तर आले नाही. मौनावरून निष्कर्ष काढणे मी टाळतो.

तुझा,
मारोतराव

◆

फुलसावंगी
६ जानेवारी २०२५

मोठेबाबा,

चहाचे दूध नव्हते ते. ते मी संघमित्राला देत होते.

डबा नोव्हेंबरअखेर संपला आणि नवा आणला नाही. त्याआधीचे दोन महिने पावडर कमी आणि पाणी जास्त, असे चालले होते. रोशनची नोकरी दसऱ्याच्या आधीच गेली; कृषी केंद्र बंद पडले. ही नोकरी टिकायची नाही, हाच तुमच्या तीन आक्षेपांतला तिसरा होता, म्हणून लिहिले नाही. तुमचे पत्र आले तेव्हा मला वाटले, वाट सापडली. दूध पांढरे, बाटली तीच, पिणारी तीच. घटक तेच आणि कार्य तेच.

मागच्या आठवड्यात तिची पावले गुबगुबीत दिसू लागली. मी सासूबाईंना म्हटले, बघा, बाळसे धरते आहे. त्या उठून अंगणवाडीच्या रुपालीताईंना घेऊन आल्या. रुपालीताईंनी पायावर बोट दाबले. बोट काढल्यावर खळगा तसाच राहिला. मग वजन केले. दिवाळीत होते त्याहून कमी भरले. गुबगुबीत दिसणारे मूल कमी कसे भरते ते मला कळेना. त्या म्हणाल्या, ही सूज आहे, लेकरू आतून उपाशी आहे, आजच्या आज दवाखान्यात न्या.

ही गोष्ट परवाची. रोशन म्हणतात, उद्या नेऊ. काल पण उद्याच म्हणाले होते. दवाखान्यात विचारतील, डबा का बंद केला, आणि त्यांना ते चारचौघांत सांगायचे नाही. रिचार्ज संपून दोन्ही फोन बंद आहेत.

ती रडत नाही, मोठेबाबा. चिमटा काढला तरी नुसती बघते.

तुमच्या सूत्रात चूक कुठे आहे ते कळवा.

प्रेरणा

◆

यवतमाळ, बस स्थानक
९ जानेवारी २०२५, सकाळ

प्रेरणा,

तुझे पत्र आत्ता मिळाले. शेजारच्या अमरकडून तुमच्या दोन्ही क्रमांकांवर फोन लावून घेतला. ते बंद आहेत. मी उमरखेडच्या बसने निघतो आणि महागावला उतरून पुढे येतो. हे पत्र येथील पेटीत टाकत आहे. मी आधी पोचेन आणि पत्र मागून येईल. तरी लिहितो, कारण मला वाटेत काही झाले तर सूचना तुझ्याजवळ लेखी असाव्यात.

सोयाबीनचे दूध एक थेंबही देऊ नकोस. मनाने दुसरे काही सुरू करू नकोस. बाळाला घेऊन निघ. रोशनराव येत नसतील तर तुळसाबाईंना घे. त्यांचे म्हणणे पहिल्यापासून बरोबर होते. डॉक्टरांना सर्व खरे सांग. कोणी दोष दिला तर माझे नाव आणि पत्ता दे.

चूक कुठे आहे, या प्रश्नाचे उत्तर नंतर. आधी बाळ.

मारोतराव

◆

पुसद, दवाखाना
२१ जानेवारी २०२५

ती. मोठेबाबा यांस,
जयभीम.

तुम्ही परत गेल्यावर संघमित्राला दोन दिवस ताप होता, आता उतरला. सूज थोडी कमी आहे. सूज उतरते तसे वजन आणखी कमी दिसेल, घाबरू नका, असे डॉक्टर म्हणाले. मी घाबरलेच. सूज गेल्यावर तिचे पाय बघवत नाहीत. नळीतून थोडे थोडे दूध देतात. एकदम पोटभर दिले तर जिवाला धोका असतो म्हणतात. उपाशी लेकराला पोटभर देता येत नाही, हे मला इथे कळले.

तुमच्या दवाखान्यातल्या दोन दिवसांविषयी एक सांगायचे राहिले. तुम्हाला ऐकू येत नाही हे सासूबाईंना माहीतच नव्हते. त्या दोन्ही दिवस तुमच्याशी भांडत होत्या. "तुमच्या शिक्षणानं माही नात मारली असती," इथपर्यंत बोलल्या, आणि तुम्ही मान हलवत होता. तुम्ही गेल्यावर मला म्हणतात, "मानूस चांगला हाये वं. एवढं बोलली मी, एका शब्दानं उलटून नाही बोलला." मी त्यांना खरे सांगितलेले नाही.

रोशन रोज येऊन वॉर्डाच्या बाहेर बसतात. आत आले की तिच्याकडे बघवत नाही म्हणतात. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारले तेव्हा त्यांनीच सांगितले, नोकरी गेली म्हणून डबा बंद केला. मला बोलू दिले नाही.

आता माझे. तुम्ही जाताना विचारलेत, आधी का कळवले नाहीस. तेव्हा मी गप्प राहिले, कारण वॉर्डात ओरडून सांगण्यासारखे नव्हते. तुमच्या घरी मी मोठी झाले. तिथे शंका विचारली की तुम्ही हातातले काम बाजूला ठेवायचे. चप्पल तुटली हे सांगायचे असले तर मात्र मी आठ-आठ दिवस मनात वाक्य जुळवत फिरायची. तुम्ही कधी नाही म्हणाला नाहीत. पण का हवी, जुनी शिवून का चालणार नाही, हे आधी सिद्ध करावे लागायचे. तुमच्याजवळ पुरावा मागता येतो, मोठेबाबा, पैसे मागता येत नाहीत. म्हणून मी तुम्हाला साबण पाठवला.

आणि प्रश्नाचे उत्तर अजून आलेले नाही.

तुमची,
प्रेरणा

◆

यवतमाळ
२७ जानेवारी २०२५

चि. प्रेरणा हिस,
सप्रेम जयभीम.

पुरावा आणि पैसे यांविषयीचे तुझे विधान खरे आहे.

आता तुझा प्रश्न. सूत्राच्या रचनेत चूक नाही. घटक तेच असतील तर वस्तू तीच असते. परंतु "असतील तर" ही अट मी उच्चारली नाही आणि तू तपासली नाहीस. दवाखान्यात तुमच्या वॉर्डाबाहेर बसलो असताना मी दुधाच्या डब्याच्या मागचा मजकूर चष्म्याने वाचून काढला. त्यात जे लिहिले आहे त्यातले निम्मे शब्द मी प्रथमच पाहिले. पुढच्या चित्रावर विश्वास ठेवणाऱ्यांना मी हसलो होतो. मागचा मजकूर मीही वाचला नव्हता.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे आणि ती सर्वस्वी माझी आहे. रिठ्याचा साबण फसला तर हात मळके राहतात. ते तेथेच दिसते आणि हात पुन्हा धुता येतात. दूध फसले तर ते पुष्कळ दिवस दिसत नाही, आणि दिसते तेव्हा धुण्यासारखे काही उरलेले नसते. या दोन वस्तूंना एकाच सूत्राखाली आणणाऱ्या माणसाने, पहिल्या परीक्षेत चूक झाली तर ती कोणाच्या अंगावर येईल, हे आधी विचारायला हवे होते. मी "निःशंकपणे वापर" असे लिहिले. हा शब्द मी विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत खोडत असे.

शांत बाळाविषयीचे माझे अनुमानही खोटे ठरले. रडण्याला एकच कारण असते हे मी गृहीत धरले, आणि रडणे थांबण्यालाही एकच. अंगात बळ उरले नाही म्हणून कोणी गप्प होईल, हे मला सुचले नाही. ते तुळसाबाईंना दिसत होते. त्यामागचे कारण शब्दांत आले नाही म्हणून मी त्याला मत म्हटले. त्या माझ्याशी काय बोलत होत्या ते मला ऐकू आले नाही, परंतु ओठांवरून "दूध" हा शब्द अनेकदा ओळखता आला. मान मी समजूनच हलवत होतो. हे त्यांना सांगायचे की नाही ते तू ठरव.

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या डब्याची व्यवस्था येथील औषधांच्या दुकानातून केली आहे. बाळाला लागेल तोपर्यंत तो महागावच्या बसमधून येत राहील. रोशनरावांनी स्थानकावरून उतरवून घ्यावा. त्यांच्यासाठी हे काम मुद्दाम ठेवले आहे. आभाराचे पत्र लिहू नये आणि कारणही लिहू नये.

तुझा रिठ्याचा साबण संपत आला आहे. अजून पाठव.

तुझा,
मारोतराव

◆

फुलसावंगी
१६ फेब्रुवारी २०२५

ती. मोठेबाबा यांस,
जयभीम.

आम्ही मंगळवारी घरी आलो. डबा मिळाला; रोशन बसच्या वेळेआधी तासभर जाऊन उभे होते. आभार लिहीत नाही.

डॉक्टरांनी दर आठवड्याला वजनाला बोलावले आहे. जीव वाचला म्हणतात. पण ती मान उशिरा धरते आहे, आवाजाकडे वळायला वेळ लावते. हे भरून निघेल का, असे मी विचारले. ते म्हणाले, वर्षाची झाल्यावर बघू, आत्ता कोणी सांगू शकत नाही. मी पुन्हा विचारले, तर पुन्हा तेच म्हणाले. तुम्हीही यापेक्षा जास्त काही सांगू शकणार नाही, हे मला माहीत आहे.

साबण करायला घेतला आहे. रिठे उकळत असताना काल दुपारी घरातून आवाज आला. मला आधी कळलेच नाही कशाचा आहे. धावत गेले तर संघमित्रा लालभडक होऊन, मुठी आवळून रडत होती. बाटलीला जरा उशीर झाला होता. मी तिला उचलायला वाकले तर सासूबाईंनी माझा हात धरला. "थांब वं जराशी," म्हणाल्या. "रडू दे. आयकू दे मले." रोशन दारातच उभे राहिले. पलीकडच्या सुखीबाई काय झाले म्हणून पाहायला आल्या, आणि आम्ही तिघेही तिला न उचलता नुसते उभे आहोत हे बघून घाबरल्या.

फोन आता चालू आहे, पण त्यावर तुम्हाला ऐकू आले नसते. म्हणून लिहून कळवते: ती रडली, आणि आवाज रस्त्यापर्यंत गेला.

तुमची,
प्रेरणा